रविवारची सुटी आणि आमचे व्यापारी बंधू

रविवारी सकाळी सावकाश उठून, चहाचा पेला शेजारी ठेवून हे पत्र वाचणारे आमचे वाचक पुष्कळ आहेत. ही निवांत सकाळ आपणांस कोणी मिळवून दिली, असा प्रश्न त्यांपैकी किती जणांच्या मनात येत असेल याची आम्हांस शंका आहे. सामान्य समजूत अशी की, इंग्रज राज्यकर्ते ख्रिस्ती, रविवारी ते देवळात जात, म्हणून कचेऱ्या बंद राहत, आणि त्या कचेऱ्यांच्या मागोमाग ही सुटी देशभर आपोआप पसरली. सरकारी कचेऱ्यांपुरती ही समजूत खरी मानता येईल. परंतु ज्या मुंबई शहराच्या संपत्तीवर सगळ्या इलाख्याचा व्यापार उभा राहिला, त्या शहराच्या गिरण्यांत रविवार आपोआप आला नाही. तेथे तो मागावा लागला, त्यासाठी सभा भरवाव्या लागल्या, हजारो अंगठे कागदावर उमटवावे लागले आणि सहा वर्षे वाट पाहावी लागली. हे काम ज्यांनी अंगावर घेतले ते नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र आज पुन्हा वाचकांपुढे ठेवण्यास एक तातडीचे कारण घडले आहे. ते कारण पुढे येईलच.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. माळी समाजातील हे कुटुंब बेताच्या स्थितीतले. इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले, आणि त्या काळी तेवढ्या विद्येवर नोकरी मिळणे अवघड नव्हते. काही काळ रेल्वेत, काही काळ टपाल खात्यात काढून ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. ही नोकरी बरी होती. कोठीघराची किल्ली हातात असलेल्या माणसास सुताच्या खात्यातल्या गरम वाफाऱ्यात उभे राहावे लागत नाही. परंतु त्याच्या दारावरून रोज कोण जाते, कोणत्या चेहऱ्याने आत जाते आणि कोणत्या चेहऱ्याने बाहेर पडते, हे मात्र त्यास दिसते. लोखंड्यांनी ते पाहिले, आणि इतरांप्रमाणे पाहून स्वस्थ बसले नाहीत. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते अनुयायी होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास काढलेले 'दीनबंधु' हे पत्र डबघाईस आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणून स्वतः चालविण्यास घेतले. चांगली नोकरी सोडून वर्तमानपत्राच्या धंद्यात पडणाऱ्या माणसाच्या व्यवहारज्ञानाविषयी आमचे व्यापारी वाचक काय म्हणतील ते आम्ही जाणतो. आमचाही धंदा तोच असल्यामुळे त्यावर अधिक न लिहिणे बरे.

त्या वेळच्या गिरणीचा दिवस कसा होता हे आजच्या वाचकांस नीट कळावे म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभारावयास घेतली, आणि पुढल्या तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांवर धुराड्यांचे रान माजले. या गिरण्यांचे घड्याळ म्हणजे सूर्य. दिवस उगवला की साचे सुरू, मावळला की बंद. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम त्या मानाने कमी; उन्हाळ्यात तेच चौदा तासांवर जाई. घाटावरून आलेला शेतकरीही सूर्याबरोबर उठतो आणि सूर्याबरोबर घरी येतो, मग गिरणीत वेगळे ते काय, असे म्हणणारे शहाणे तेव्हाही होते. त्यांनी एवढेच विसरावे की, शेतकरी बांधावर बसून भाकरी खातो, बैलांस सावलीस सोडतो, पाऊस पडला तर घोंगडी पांघरून घरी परततो. वाफेच्या यंत्रास ऊन-पाऊस नाही, आणि त्यास भूकही नाही. दुपारच्या जेवणासाठी यंत्र थांबविण्याचा नियम नव्हता. साचा चालू असता ज्यास जसे साधेल तसे त्याने चार घास पोटात ढकलावे. आठवड्याची ठरावीक सुटी नव्हती. सणावारी गिरणी बंद राही, आणि ज्या दिवशी ती बंद राही त्या दिवशीही यंत्रे पुसण्या-झाडण्यास माणसे बोलावली जात. पगार महिना उलटून गेल्यावर कधी तरी हाती येई. तोवर वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज.

१८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्याने काय दिले? सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, त्यांस तासभर विसावा आणि महिन्यास चार सुट्या द्याव्या. सात वर्षांचे मूल नऊ तास राबावे ही त्या काळची दया होती! प्रौढ पुरुष आणि बायका यांविषयी कायद्यात एक अक्षरही नव्हते. शंभरांहून कमी माणसे असलेले कारखाने आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने यांतून वगळले होते, त्यामुळे खानदेशातील सरकी काढण्याच्या कारखान्यांत हंगामाच्या दिवसांत बायका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबत, त्यांस कोणीच वाली नव्हता.

या तोकड्या कायद्याचा फेरविचार करण्यास मुंबई सरकारने १८८४ साली एक कमिशन नेमले. लोखंडे यांनी ही संधी साधली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळ भागात गिरणीकामगारांच्या सभा भरल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज कमिशनापुढे ठेवण्यात आला. त्या अर्जातील मागण्या आज वाचताना मनावर परिणाम होतो तो त्यांच्या मोठेपणाने नव्हे. त्या इतक्या लहान आहेत की, त्यांसाठी अर्ज करावा लागला याचीच लाज वाटते. दर रविवारी पुरी सुटी असावी. दुपारी अर्धा तास काम थांबावे. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर असता कोणास इजा झाली तर बरा होईपर्यंत त्याचा पगार चालू राहावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची काही तजवीज व्हावी. पगार वाढवा असे त्यात नाही. गिरणीच्या नफ्यात हिस्सा द्या असेही नाही. पाचांपैकी पहिल्या तीन मागण्या निव्वळ विश्रांतीच्या आहेत, आणि या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. उपाशी माणूस प्रथम भाकरी मागेल असे आपण धरून चालतो. या माणसांनी प्रथम बसावयास जागा आणि श्वास घ्यावयास वेळ मागितला.

आता त्या काळी या मागणीस विरोध कोणी केला हे सांगणे आमच्या धंद्याच्या इभ्रतीस फारसे शोभणारे नाही, तरी सांगितले पाहिजे. गिरणीमालक विरोध करतील हे उघडच होते. परंतु पुण्या-मुंबईची बहुतेक देशी वर्तमानपत्रे आणि पुष्कळ देशभक्त पुढारीही मालकांच्याच बाजूस होते. त्यांचे म्हणणे असे की, हा सगळा लँकेशायरच्या कापडवाल्यांचा कावा आहे. आपला देशी धंदा त्यांच्या डोळ्यांत सलतो. मजुरांच्या दयेचे सोंग घेऊन ते आपल्या गिरण्यांचे हात बांधू पाहतात. यात खोटे काही नव्हते. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस मुंबईच्या मजुराची कणव अकस्मात आली ती त्यांच्या पोटदुखीतूनच आली. परंतु शेजाऱ्याने हेव्याने का होईना, तुमच्या घरास आग लागल्याचे ओरडून सांगितले, तर आग विझवावी की शेजाऱ्याचा हेतू तपासावा? सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी सद्गृहस्थांनी १८७८ सालीच कायद्याचा मसुदा तयार केला होता, आणि ते काही लँकेशायरचे एजंट नव्हते. देशाचा धंदा वाढावा ही इच्छा आणि त्या धंद्यात राबणारा माणूस माणसासारखा जगावा ही इच्छा, या दोहोंत वैर आहे असे ज्यांस वाटले, त्यांच्या देशाच्या व्याख्येत हा माणूस बसत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ होतो.

दुसरा आक्षेप मोठा मौजेचा होता. हिंदी मजूर मुळातच आळशी. तो कामाच्या वेळात विडी ओढावयास, पाणी प्यावयास, गप्पा मारावयास वारंवार बाहेर पडतो. त्यास निराळी सुटी देऊन काय करावयाचे? शिवाय सुटी मिळाली तर तो ताडीच्या दुकानात जाईल. या आक्षेपाचा पहिला भाग खरा होता, आणि तोच लोखंड्यांच्या बाजूचा पुरावा होता. चौदा तास सारखे काम करणे मनुष्यदेहास शक्यच नाही. म्हणून विश्रांती उघडपणे मिळाली नाही तर तो ती चोरून घेतो, आणि मग त्या चोरीबद्दल मुकादमाच्या शिव्या आणि दंड सोसतो. दुसऱ्या भागाविषयी आम्ही एवढेच म्हणतो की, सुटीच्या दिवशी शेटजी काय करतात याची चौकशी करून त्यांची सुटी मंजूर करण्याची पद्धत अद्याप कोठे पडलेली नाही.

कमिशनाचा अहवाल आला, पण कायदा हालला नाही. लोखंडे मात्र हालचाल करीत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईस महालक्ष्मी येथे दहा हजार कामगारांची सभा भरली. एप्रिलचे ऊन, कामाचा खाडा, मालकाचा रोष, हे सर्व सोसून दहा हजार माणसे एका मैदानात जमली, आणि तीही अशा काळी की, ज्या काळी मजुरांची सभा हा शब्दच पुष्कळांस चमत्कारिक वाटे. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलावयास उभ्या राहिल्या. आमच्या सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी सभेत बोलावे की नाही यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरत असता, गिरणीतील दोन बायांनी त्या प्रश्नाचा निकाल लावून टाकला. सभेने आठवड्याच्या सुटीचा अर्ज मंजूर करून तो गिरणीमालकांच्या मंडळाकडे पाठविला. १० जून १८९० रोजी मंडळाने रविवारची सुटी कबूल केली. सरकारने १८९० साली दुसरे कमिशन नेमले, तेव्हा मुंबईच्या चौकशीपुरते त्याबरोबर बसण्यास लोखंडे यांस बोलावण्यात आले. त्यातून १८९१ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १८९२ पासून अमलात आला. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, बायकांस अकरा तासांची मर्यादा, मुलांचे वय नऊवर आणि काम सात तासांवर. प्रौढ पुरुषाच्या दिवसास मात्र या कायद्यानेही कुंपण घातले नाही.

'रविवार' या वाराविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. काही मंडळी अजूनही हा वार परक्यांचा म्हणून नाक मुरडतात. त्यांनी एखाद्या रविवारी जेजुरीस जाऊन यावे. आमच्या बहुजन समाजात रविवार हा खंडेरायाचा वार आहे, आणि गिरणीत राबणारा घाटी व कोकणी माणूस त्या दिवशी भंडारा लावीत होता तो कोणाच्या हुकमाने नव्हे.

लोखंड्यांच्या कामात उणिवा नव्हत्या असे नाही. त्यांनी स्थापन केलेल्या मिलहँड्स असोसिएशनला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, नियमांचे पुस्तक नव्हते. सरकारी अहवालांतही ही गोष्ट नमूद झाली आहे. लोखंडे हेच अध्यक्ष, लोखंडे हेच चिटणीस, लोखंडे हेच अर्ज लिहिणारे. त्यामुळे त्यांच्यामागे ती संस्था टिकली नाही. सरकारवर त्यांचा भरवसा फार, आणि १८९३ च्या हिंदु-मुसलमानांच्या दंग्यात शांततेसाठी त्यांनी जे परिश्रम केले त्यांचा मोबदला म्हणून मिळालेली रावबहादूर पदवी त्यांनी स्वीकारली, याबद्दल पुढच्या पिढीतील जहाल मंडळींनी त्यांस नावे ठेवली. आमच्या मते पहिला दोष खरा आहे आणि दुसरा क्षुल्लक आहे. ज्या माणसाने विधवांच्या केशवपनाविरुद्ध न्हावी मंडळींस उभे केले, आणि वस्तरा हाती धरणाऱ्याच्याच तोंडून 'आम्ही हे काम करणार नाही' असे वदविले, तो पदवीसाठी लाचावला असेल हे संभवत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. धनिक लोक शहर सोडून हवापालटास गेले. लोखंडे गेले नाहीत. रोग्यांच्या व्यवस्थेत ते गुंतले असता प्लेगनेच त्यांस गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते वारले. दुसऱ्यांसाठी विश्रांती मागणाऱ्या या गृहस्थाने स्वतः ती फारशी घेतल्याचे दिसत नाही. २००५ साली सरकारने त्यांच्या नावाचे टपालतिकीट काढले. ते चिकटविलेले पाकीट टपालवाल्याने कोणत्या वारी पोहोचविले असेल, असा एक विचार आमच्या मनात सहज येऊन गेला.

त्यांच्या तिसऱ्या मागणीचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सूर्यास्तास काम बंद व्हावे, असे त्यांनी मागितले होते. कायद्याने ते दिले नाही, तरी अंधार पडल्यावर साचे चालविता येत नसत, एवढे निसर्गाने दिलेले कुंपण शिल्लक होते. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ते कुंपणही गेले. तेजीच्या दिवसांत काम चौदा-पंधरा तास चालू लागले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरला. १९२२ त अकरा, १९३४ त दहा, १९४६ त नऊ. बारावरून नऊवर यावयास पस्तीस वर्षे लागली, आणि प्रत्येक वेळी धंदा बुडेल असे सांगण्यात आले. धंदा बुडाला नाही. पुढे गिरण्या बंद पडल्या त्या निराळ्याच कारणांनी.

आता आम्ही आरंभी म्हटलेल्या कारणाकडे वळतो. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने, कारखान्यातील कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि दुकाने व इतर आस्थापनांत नऊवरून दहावर नेण्याच्या दुरुस्त्यांस मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, जादा कामास दुप्पट मजुरी आहे, कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात येते. हे सर्व आम्ही वाचले. आठवड्याचा हिशेब कायम असता दिवसाचा का बिघडवावा, तर उद्योगास सोय हवी म्हणून. उद्योगाची सोय ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या तासास यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाचा हात पहिल्या तासाइतका सावध नसतो, हे कोणत्याही खात्याचा जॉबर सांगेल. आणि लेखी संमतीचे म्हणाल तर, ज्या कागदावर मालकाची मर्जी आणि उद्याची भाकर या दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत, त्या कागदावर सही करण्यास कोण नकार देतो? १९११ च्या आकड्याकडे २०२५ साली परत जाताना, मधल्या पस्तीस वर्षांतल्या माणसांनी काय सोसून तो आकडा खाली आणला याचा उल्लेख कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही.

आमच्या व्यापारी वाचकांशी याहून जवळचे बोलणे आहे. दुकानात काम करणाऱ्यांच्या तासांविषयी हिंदुस्थानात पहिला कायदा केला तो आपल्याच मुंबई प्रांताने, १९३९ साली. १९४२ त सबंध देशासाठी आठवड्याच्या सुटीचा कायदा झाला, आणि दुकानातील नोकराची त्या सुटीबद्दलची मजुरी कापू नये असे त्यात स्पष्ट होते. त्या पिढीच्या दुकानदारांस आपापल्या पेठेचा सुटीचा वार मुखोद्गत असे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्याची मोकळीक दिली. नोकरास मात्र पाळीपाळीने आठवड्यास एक सबंध दिवस सुटी दिली पाहिजे असे ठरविले. परंतु हा कायदा दहा किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानांपुरता. २०२५ च्या दुरुस्तीत ती संख्या वीसवर नेण्याचे ठरले. याचा अर्थ उघड आहे. कापडाच्या, किराणाच्या, भांड्यांच्या ज्या दुकानांत चार-सहा पोरे कामास असतात, आणि आमच्या वाचकांची बहुतेक दुकाने अशीच असतात, तेथे त्या पोरांच्या सुटीचा कायदा म्हणजे शेटजींची मर्जी.

आम्हांस ठाऊक आहे की, पुष्कळ शेटजी मनाचे चांगले असतात. पोराच्या बहिणीच्या लग्नास उचल देतात, आजारपणात डॉक्टरचे पैसे भरतात. पण तोच पोरगा सकाळी नऊपासून रात्री साडेनऊपर्यंत उभा असतो, आणि दुकानात गिऱ्हाईक नसतानाही त्याने बसू नये असा दंडक असतो. बसलेला नोकर गिऱ्हाईकास आळशी दिसतो म्हणे. परळ-लोअर परळात जेथे साचे फिरत होते, तेथे आता झगमगीत बाजार उभे राहिले आहेत. त्या बाजारांत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या मुलीही अशाच उभ्या असतात, आणि त्यांपैकी पुष्कळ गिरणीकामगारांच्या नाती असतील. केरळाने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायदा करून दुकानातील नोकरास बसावयास आसन देणे सक्तीचे केले. स्टुलासाठी कायदा करावा लागतो ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटेल. ज्यांस हसू येते त्यांनी एकच दिवस, सणाच्या आदल्या दिवशी, आपल्याच दुकानात काउंटरच्या पलीकडे उभे राहून पाहावे.

आणि विजेच्या दिव्याची गोष्ट आज पुन्हा घडत आहे. कचेरीतून घरी आलेल्या कारकुनाचा मोबाइल रात्री अकरास वाजतो. साहेबांचा निरोप असतो. उत्तर सकाळी दिले तर चालेल असे कोणी म्हणत नाही. सूर्यास्त पहिल्या वेळी दिव्याने नाहीसा केला, दुसऱ्या वेळी या डबीने.

अमेरिकेत ट्रिशिया हर्सी नावाच्या कृष्णवर्णी बाईंनी २०१६ साली अटलांटा शहरात एक चळवळ सुरू केली. लोकांस एकत्र जमवावयाचे, गाद्या-उशा अंथरावयाच्या आणि झोपावयाचे, असा तिचा बाह्य प्रकार असल्यामुळे पुष्कळांनी ती थट्टेवारी नेली. त्यांचे म्हणणे मात्र थट्टेचे नाही. आपल्या गुलाम पूर्वजांच्या देहावर मालकाचा हक्क होता, त्यांची झोपही त्यांची नव्हती. म्हणून त्या वंशजांनी घेतलेली विश्रांती हा त्या लुटीचा निषेध आहे, असे त्या सांगतात, आणि २०२२ साली त्यांनी यावर पुस्तकही लिहिले. आमच्या वाचकांस हे परदेशी खूळ वाटू नये म्हणून आठवण देतो की, जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला होता. त्या ग्रंथकाराच्या शिष्याने अकरा वर्षांनी विश्रांतीचा अर्ज लिहिला. अटलांटाच्या बाईंस परळच्या अर्जाची माहिती असण्याचे कारण नाही, पण दोन्ही ठिकाणचा विचार एकाच दुःखातून निघाला आहे.

महालक्ष्मीच्या सभेत ज्या दोन बाया बोलल्या, त्यांच्या वाट्यास तो रविवार किती आला असेल, हा विचार आम्हांस हे लिहिताना सारखा छळीत आहे. गिरणी बंद राहिली म्हणजे नवऱ्यास सुटी. बाईस त्या दिवशी आठवड्याचे धुणे, दळण, लाकूडफाटा आणि घरात सगळी माणसे असल्यामुळे दुप्पट स्वयंपाक. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळाची पाहणी केली. घरातील बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसास सरासरी २९९ मिनिटे घालवितात, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. या बाबतीत कोणत्याही मालकाच्या मंडळाकडे अर्ज करण्याची सोय नाही. आमचे पुरुष वाचक येत्या रविवारी चहा स्वतः करतील तर तेवढे तरी होईल. आणि आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंस महिन्यास चार रविवार पगार न कापता सुटी देण्यास कोणत्याही विधिमंडळाची परवानगी लागत नाही.

व्यापारी मंडळांपुढे आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पेठेच्या मंडळाने सभा बोलवावी आणि तीन गोष्टी ठराव करून ठरवाव्या: दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानांतही आठवड्यास एक भरपगारी सुटी; दुपारी जेवणासाठी पुरा अर्धा तास, गिऱ्हाईक आले तरी; आणि प्रत्येक नोकरामागे एक स्टूल. सुटीचा वार एक असावा की पाळीने असावा, हे ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे ठरवावे. सराफ आणि भाजीवाले यांस एकच नियम लागू पडणार नाही हे आम्ही समजतो. सगळ्यांनी मिळून ठरविल्यास 'शेजारचा उघडा ठेवतो म्हणून मला ठेवावे लागते' ही जुनी तक्रारही उरणार नाही. कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली ती १८९० च्या जूनमध्ये, आणि कायद्याने ती लागू झाली १८९२ च्या जानेवारीत; मधले दीड वर्ष ती मालकांच्या शब्दावरच उभी होती. ज्या मंडळांचे असे ठराव होतील, त्यांनी ते आमच्याकडे पाठवावे. पेठेच्या नावासह आम्ही ते याच पानावर छापू.